हळदीची शिंगरं

भूपेश शेठच्या मुलाच्या हळदीत दापोड्याला घोड्याची दोन शिंगरं नाचवली, ही बातमी नीरजाला कळली तेव्हा ती एका पर्शियन मांजराचे कान साफ करत होती. मांजराची मालकीण मोठ्या कौतुकाने मोबाइल पुढे करत होती. पडद्यावर पांढरीशुभ्र, गुलाबी नाकाची दोन पिल्लं होती. डोक्यावर तुरे, पाठीवर झालर, आणि कोणा रसिकाने डोळ्यांवर दोरीने गॉगल बांधलेले. मागे डीजेची भिंत होती. पिल्लं नाचत नव्हती, थरथरत होती. पण भोवतीच्या गर्दीला दोन्हींतला फरक कळण्याची सोय नव्हती.

“कित्ती क्यूट ना, डॉक्टर?”

“त्यानंतर त्यांच्या कानांचं काय झालं, त्याचा आहे का व्हिडिओ?” नीरजाने विचारलं. बाईंनी मोबाइल पर्समध्ये ठेवला आणि पुढच्या वेळी मांजर दुसऱ्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर नीरजा चित्रे हिची भिवंडीत अशीच ख्याती होती. हात सोन्याचा, जीभ बिब्ब्याची. जनावर आजारी पडलं की लोक तिच्याकडे धावत, आणि जनावर बरं झालं की तिच्या तोंडून सुटका झाली म्हणून देवाला नारळ फोडत. तिला त्याचं काही नव्हतं. तिचं म्हणणं एवढंच, की दवाखान्यात येणाऱ्या दोघांपैकी चार पायांचा पेशंट सहसा शहाणा असतो.

हळद होऊन वर्ष उलटलं. मांडवाच्या जागी शेठचं नवं गोदाम उभं राहिलं. तिथल्या राखणीच्या कुत्र्याच्या पायात खिळा घुसला म्हणून नीरजाला बोलावणं आलं. कुत्र्याला पट्टी बांधून ती हात धुवायला मागच्या बाजूला गेली, आणि तिथेच थांबली.

पत्र्याच्या भिंतीला लागून, फुटलेल्या खोक्यांच्या आणि थर्माकोलच्या ढिगात ती दोघं उभी होती. पांढरा रंग नावालाच उरला होता. बरगड्या बाहेरून मोजता याव्यात अशा, आणि पोटं मात्र जंतांनी टम्म फुगलेली. खूर वाढून वाढून जुन्या मोजड्यांसारखे पुढून वर वळले होते. नराच्या गुलाबी नाकाची उन्हाने सालं निघाली होती. मादी त्याच्या मानेआड तोंड लपवून उभी होती. गळ्यातल्या नायलॉनच्या दोरीवर हळदीतली एक सोनेरी झालर अजून लोंबत होती.

“हे काय आहे?” तिने वॉचमनला विचारलं.

“शादी का माल है, मैडम,” तो म्हणाला. “मंडपवाला अपना सामान ले गया, ये यहीं रह गया. पानी मैं दे देता हूँ. घास का किसी ने बोला नहीं.”

नीरजाने तिथूनच शेठला फोन लावला. शेठ कुठल्याशा उद्घाटनाला निघाले होते. त्यांना आधी काही आठवेना.

“घोडं? कंचं घोडं?”

“तुमच्या मुलाच्या हळदीतली.”

“आयला! ती जित्ती हायेत अजून?”

“तुमचा तसा काही प्रयत्न कमी पडलेला दिसत नाही. पण आहेत जिवंत. मी नेतेय.”

“न्या की डॉक्टर, न्या. जागा तरी मोकली व्हईल. माल उतरवाया अडचण व्हते.”

शेठशी तिचा व्यवहार झाला तो एवढाच.

खारबावला सावळारामच्या वाडीत तिने एक मोठी पडवी आणि मागचं कुंपण घातलेलं शेत भाड्याने घेतलं होतं. लग्नाच्या वरातीतून बाद झालेल्या घोड्या, वीटभट्टीवरची गाढवं, असे तिचे पाहुणे तिथे उतरत. सावळाराम त्यांची देखभाल करी. म्हणजे सकाळ-संध्याकाळ काम करी आणि मधला सगळा वेळ मोबाइलवर कबड्डीचे सामने बघे. टेम्पोतून ही दोघं उतरली तेव्हा त्याने कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडे पाहिलं.

“ताय, या टायमाला तू घोडं नाय, हँगर आनलेस.”

“तू तुझा कबड्डीचा सामना बघ. आधी पाणी ठेव.”

नावं मात्र त्यानेच ठेवली. धुऊन काढल्यावर नर पिवळसर पांढरा निघाला म्हणून खरवस, आणि मादी जुई.

उपाशी जनावराला एकदम पोटभर घातलं तर ते खाऊनच मरतं. म्हणून आधी नुसतं सुकं गवत, थोडं थोडं, दिवसभर. जंतांचं औषध बेताबेताने. मग कोंडा, आणि पुष्कळ दिवसांनी भिजवलेल्या हरभऱ्याची चंदी. कल्याणचा नालबंद येऊन दर वेळी थोडा थोडा खूर छाटून गेला. एका दमात छाटला असता तर पाय कायमचे बिघडले असते. नाकाला मलम आणि दुपारभर सावली.

अंग भरत गेलं. भीती जाईना. जुई माणूस दिसलं की खरवसच्या मागे जाई. खरवसचं वेगळंच होतं. रस्त्यावरून गाणी लावलेला ट्रॅक्टर गेला की हा पडवीच्या पार कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राही आणि त्याच्या पायांखाली घामाचं पाणी टपके. ते बघताना नीरजाच्या मनात भूपेश शेठला, मंडपवाल्याला, डीजेवाल्याला आणि गॉगल बांधणाऱ्या त्या रसिकाला एकाच दाव्याला बांधून भर उन्हात उभं करावं असं येई. तसं करता येत नाही, म्हणून ती खरवसजवळ बादली उलटी टाकून बसे आणि मोठ्याने वर्तमानपत्र वाचे. “ऐक,” ती त्याला सांगे, “माणसांचा आवाज असा असतो. मूर्ख असतो, पण चावत नाही.”

पावसाळा गेला, भातं कापली गेली, तोवर दोघं ओळखू येईनाशी झाली. खरवस अंगाने भरला, मस्तीला आला, तेव्हा नीरजाने त्याला खच्ची करून घेतलं. आता त्यांना घर हवं होतं. वाडीत जागा तेवढीच, आणि दारात नवं जनावर कधीही उभं राहणार. तिने फोटो काढून ओळखीच्यांत फिरवले, आणि पस्तावली.

कारण मग माणसं यायला लागली.

ठाण्याच्या एका टॉवरमधलं जोडपं आलं. त्यांना मुलीच्या वाढदिवसाला ‘सरप्राइज’ द्यायचं होतं. घोडा ठेवणार कुठे, तर सोसायटीच्या क्लबहाउसमागे. “आणि लघवी?” नीरजाने विचारलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. घोडा लघवी करतो हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. वज्रेश्वरीच्या रस्त्यावरच्या रिसॉर्टचा मॅनेजर आला. त्याला पाहुण्यांच्या पोरांना फेऱ्या मारायला घोडा हवा होता, आणि फेऱ्या नसतील तेव्हा फोटोला. “तुमचं वजन किती?” तिने त्याला विचारलं. “तुमच्या पाठीवर मी बसते आणि कुंपणाला दिवसभर फेऱ्या मारू. जमलं तर घोडा देते.” एक बाई ध्यान शिकवीत. खरवसच्या डोळ्यांत त्यांना प्राचीन वेदना दिसली. त्या त्याच्या कपाळाला कपाळ लावायला गेल्या. खरवसने त्यांच्या स्कार्फला ऊस समजून हात घातला, म्हणजे तोंड घातलं, आणि ध्यान भंगलं.

“ताय,” सावळाराम म्हणाला, “तुझ्या पसंतीचा मानूस या तालुक्यात जनमाला याचाय.”

“मग थांबेन.”

तुळजा आली ती गणेशपुरीहून एसटीने, तीही दोन गाड्या बदलून. पन्नाशीची, काटक, हिरवं लुगडं आणि हातात कापडी पिशवी. नीरजाने तिला बसायलाही सांगितलं नाही.

“टांग्याला हवा असेल तर सांगून ठेवते, मिळणार नाही.”

“टांगा तं कवाच चुलीत गेला, बाय,” तुळजा म्हणाली. “मालक गेले, रिक्षा आल्या. टांगा फोरून भात शिजवला. घोरी तेवरी ऱ्हायली. आबोली. म्हातारी झालीय. एकलीच आसते. म्हशींत मन रमत न्हाय तिचं. दिसभर रस्त्याकरं बघत उबी ऱ्हाते. कोन तरी तिच्या जातीचं पायजे.”

“म्हणजे तुम्हाला घोडा घोडीसाठी हवाय.”

“मंग? मना काय करायचाय घोरा?”

नीरजाच्या तोंडाशी काहीतरी आलं होतं, ते तिने गिळलं. ती तिला कुंपणाकडे घेऊन गेली. तुळजाने आत जायची घाई केली नाही. पिशवीतून शेंगदाणे काढून ती स्वतःच खात बसली. बऱ्याच वेळाने खरवस जवळ आला. त्याच्यामागून, त्याच्या शेपटीशी नाक लावून, जुई आली.

“ह्यो एकला नेला तं ती मरंल,” तुळजा म्हणाली.

“दोघांचं गवत झेपेल तुम्हाला?”

“पेंढा घरचा हाय. उन्हाल्यात वांधा व्हईल. तवा तू बघ. डॉक्टर हायस ना?”

नीरजा स्वतः गणेशपुरीला जाऊन आली. काहीतरी खोट सापडेल या आशेने गोठ्याचे कोपरेही तिने बघितले. आबोली जाड होती, हट्टी होती आणि तिची आयाळ विंचरलेली होती. खोट एवढीच सापडली, की तुळजाचा चहा पाकासारखा गोड होता. ठरलं: पुढच्या आठवड्यात दोघांना पोचवायचं.

नेमकं तेव्हाच भूपेश शेठ उगवले.

निवडणूक जवळ आली होती. शेठना तिकीट हवं होतं, आणि तिकिटाआधी वाढदिवस. कोणीतरी त्यांना खरवस-जुईचे फोटो दाखवले असावेत. दोन पांढऱ्या गाड्या वाडीत शिरल्या, त्यांतून शेठ आणि शेठच्या मागे उभं राहण्याचा पगार घेणारी मंडळी उतरली.

“वा, डॉक्टर! काय चमकवलेत माज्या घोऱ्यांना!”

“कोणाच्या?”

“माज्याच की. सारंगखेऱ्याच्या बाजारातनं आनलेले. पावती हाय घरी. मी कुटं इकले तुमाला? संबालाया दिलेले.” शेठ मोकळेपणाने हसले. “रईवारी माजा वाढदिवस हाय. मंग परचाराच्या बग्गीला जुपायचेत. आनि तुमचा बी सत्कार ठेवलाय. अश्वमाता पुरस्कार! शाल, सिरफल, समदं. सत्कार झाला का ट्रक पाठवतो.”

“बग्गीला? अजून दोन वर्षं यांच्या पाठीवर पिशवीसुद्धा ठेवायची नाही. आणि नर आता खच्ची आहे.”

शेठचा चेहरा पडला. मागच्या मंडळींपैकी एक-दोघांनी नकळत पाय जवळ घेतले.

“खच्ची केलात? माज्या घोऱ्याला? इच्यारलं बी न्हाय?”

“तुम्हाला विचारून करायला तो तुमचा कोण लागतो?”

सावळाराम मोबाइल खिशात घालून पुढे आला, तशी नीरजाला परिस्थिती गंभीर असल्याची खात्री पटली. शेठ मात्र भांडले नाहीत. रविवार, ट्रक, एवढंच पुन्हा सांगून निघून गेले. जिंकणार अशी खात्री असलेला माणूस आवाज चढवत नाही.

नीरजाने यामिनीला फोन केला. यामिनी तिची शाळेपासूनची मैत्रीण, आता वकील.

“केस कर, जिंकशील,” यामिनी म्हणाली. “जनावराला उपाशी ठेवल्याचा गुन्हा आहे, वॉचमन साक्षीला आहे. फक्त निकाल लागेपर्यंत घोडे म्हातारे होतील. आणि तोवर ते कुठे राहतील यावरच भांडण होईल. दरम्यान त्याने दाव्याला धरून नेले तर काय करशील?”

“आधीच गणेशपुरीला पोचवले तर?”

“तर ट्रक गणेशपुरीला जाईल. त्या बाईच्या दारात. चालेल?”

ते चालणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती दापोड्यावरून जात होती. चौकात शेठचा भलाथोरला फलक चढवण्याचं काम चाललं होतं. शेठ हात जोडून उभे, दोन मजले उंच. ‘मुक्या प्राण्यांचे कैवारी.’ खाली कोपऱ्यात घोडे होते, कोंबडीएवढे. नीरजाने गाडी थांबवली. ती बराच वेळ त्या फलकाकडे बघत राहिली, आणि तिला हसू आलं. या माणसाला घोडे नकोच होते. घोड्यांना कोंबडीएवढं करणाऱ्याला घोडे कशाला हवेत? त्याला हव्या होत्या टाळ्या. मग टाळ्याच घे म्हणावं. आंधळा मागतो एक डोळा. आपण त्याला दोन्ही देऊ, आणि वर चष्माही.

अडचण एकच होती. आयुष्यात तिने कोणाची खुशामत केली नव्हती. जिभेला सवयच नाही. घरी आपल्या मांजरासमोर उभी राहून ती ‘दानशूर’ हा शब्द म्हणून बघू लागली, तर दर वेळी तो शिवीसारखाच बाहेर पडे.

रविवारी चौकालगतचं मैदान माणसांनी फुललं होतं. निम्मे लोक बिर्याणीसाठी आले होते आणि उरलेले, बिर्याणीसाठी कोण कोण आलंय ते बघायला. घोडे नव्हते, डीजे असेल तिथे घोडे आणणार नाही, एवढं नीरजाने निक्षून कळवलं होतं, आणि ट्रक नंतर जाणारच आहे म्हणून शेठनीही ते सोडून दिलं होतं. तिने सोबत फक्त दोन दावी आणली होती, नवी, सुताची. आणि पहिल्या रांगेत हिरव्या लुगड्यातली तुळजा.

शाल झाली, श्रीफळ झालं. ‘अश्वमाता’ हा शब्द निवेदकाने तीन वेगवेगळ्या चुका करून उच्चारला. मग माइक तिच्या हातात आला.

“भूपेश शेठसारखा माणूस मी पाहिला नाही,” तिने सुरुवात केली. हे तर खरंच होतं, त्यामुळे जीभ अडखळली नाही. “मी त्यांना फोन केला, शेठ, शिंगरं नेऊ का? एका क्षणात म्हणाले, न्या. पावती मागितली नाही, अट घातली नाही. कर्णाने कवचकुंडलं काढून दिली तेव्हा त्यालासुद्धा थोडा वेळ लागला असेल. शेठना लागला नाही.”

टाळ्या. शेठनी मान तुकवली.

“काही लोक मला म्हणाले, शेठ घोडे परत मागतील. मी त्यांना हसले. दिलेलं दान परत घेणारा माणूस आणि भूपेश शेठ? अहो, थुंकलेलं चाटणारे वेगळे! आपल्या गावचा माणूस तसला नव्हे!”

आता टाळ्यांबरोबर शिट्ट्याही आल्या. शेठची मान तुकवलेलीच होती, पण डोळे वर झाले. ते तिच्याकडे रोखून बघत होते.

“आज वाढदिवशी शेठनी आणखी मोठं ठरवलंय. हे दोन्ही घोडे ते गणेशपुरीच्या तुळजाबाईंना कायमचे देतायत. बग्गी नाही, वरात नाही, कोणी पाठीवर बसणार नाही. नुसते जगायला. मुक्या प्राण्यांचे कैवारी असे असतात! तुळजाबाई, वर या. शेठ, ही दावी तुमच्या हाताने द्या.”

तुळजा मंचावर आली. फोटोवाले पुढे सरसावले, मोबाइल वर झाले. शेठच्या हातात दोन दावी होती, समोर सगळं गाव होतं आणि डोक्यावर त्यांचाच दोन मजली फलक. मग त्यांनी असं हसून दावी तुळजाच्या ओंजळीत ठेवली, की जणू आठवडाभर याचीच तालीम केली होती. तुळजाने वाकून नमस्कार केला नाही. “बरं झालं,” एवढंच म्हणाली आणि दावी पिशवीत कोंबली.

केक कापताना शेठ नीरजाच्या कानाशी आले. “डॉक्टर, कर्न बनवून लुटलात मना.”

“इतिहासात कर्णाचंच नाव राहिलं, शेठ. लुटणाऱ्याचं कोण विचारतं?”

“इंदर व्हता तो,” शेठ म्हणाले. “मना बी ठाव हाय म्हाभारत.” आणि त्यांनी तिच्या तोंडात केक कोंबला, फोटोसाठी.

ट्रक आला नाही. पण आठ-दहा दिवसांनी दुसराच ट्रक वाडीत आला, सुक्या गवताने गच्च भरलेला. त्याच्या चारही बाजूंना शेठचा फलक होता. कर्णाचं काम अंगवळणी पडलं होतं. टाळ्या गोदामाच्या भाड्यापेक्षा गोड लागतात, हे शेठना उमगलं असावं. नीरजाचा पहिला विचार होता, ट्रक तसाच परत पाठवावा. गवत चांगलं होतं. वाडीत तेव्हा वीटभट्टीवरची दोन उपाशी गाढवं होती.

“फोटो काडायचाय म्हनतो डायवर,” सावळाराम म्हणाला. “तुझा नि गवताचा.”

“काढ म्हणावं.” ती पेंढीशेजारी उभी राहिली. फोटोत तिचा चेहरा असा आला होता, की शेठच्या माणसांनी तो छापताना तेवढा कापून टाकला.

खरवस-जुईला गणेशपुरीला पोचवून महिना झाल्यावर ती त्यांना बघायला गेली. कापणी झालेल्या शेतात आबोली उभी होती. तिच्या पुढ्यात जुई चरत होती, एकटी, मान खाली घालून, कोणाच्या आड न लपता. खरवस दिसेना. मग तो दिसला: शेताच्या मधोमध, आडवा, चारही पाय पसरून, मान जमिनीवर टाकलेली.

ती धावत निघाली.

“आगो, निजलाय तो!” तुळजा बांधावरून ओरडली. “उटवू नको त्याला. दुपारचं आसंच पसरतो.”

नीरजा थबकली. घोडा उभ्याने डुलक्या काढतो. असा अंग टाकून झोपतो तो अगदी निर्धास्त असला तरच. तिच्या वाडीत, एवढ्या महिन्यांत, तो असा कधी झोपला नव्हता. एकदाही नाही. ती त्याच्यापासून थोड्या अंतरावर ढेकळांत बसली. त्याने एक डोळा किलकिला करून तिच्याकडे पाहिलं, ओळखलं, आणि पुन्हा मिटून घेतला. उठायचे कष्ट काही घेतले नाहीत.

“नमकहराम,” ती हळूच म्हणाली, त्याची झोप मोडू नये म्हणून.